घशात काटा, हातात केळं

काटा घशात अडकला की वसईत डॉक्टरची आठवण सगळ्यांत शेवटी होते. आधी पानातल्या भाताचा मोठा गोळा वळून दिला जातो, ‘चावू नको, तसाच गीळ’ असं बजावून. त्याने भागलं नाही तर भाकरीचा कोरडा घास, आणि मग केळं. केळी तर इथे दारातच. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांनी मुंबईला वर्षानुवर्षं केळी पुरवली, राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी हा इथला खास मेवा. तेव्हा समुद्रातून आलेल्या काट्याला वाडीतलं केळं हा उतारा कोणालाही सुचावा असाच आहे. या प्रकरणात त्या उताऱ्याची तपासणी करायची आहे. कान, नाक किंवा घसा, कुठेही एखादी वस्तू अडकली की पुष्कळदा ती वस्तू करत नाही एवढी इजा तिला आत ढकलणारा हात करतो. आणि तो हात बहुतेक वेळा मायेचाच असतो.

पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा, नायगाव इथल्या कोळीवाड्यांत मूल बोलायला लागतं त्याच सुमारास त्याला काटा काढून मासा खायला शिकवतात. कोळी, आगरी, वाडवळ, सामवेदी ख्रिस्ती, सगळ्यांच्या घरात आठवड्यातले निम्मे दिवस मासे. तरी काटा अडकतोच, कारण सगळे काटे सारखे नसतात. बोंबलाचा काटा मऊ, तो चावूनही जातो. पापलेटचा मधला काटा सरळ उचलून बाजूला ठेवता येतो. पाल्याचं मात्र वेगळं. या चविष्ट माशाच्या मांसात मधल्या काट्यापासून सुटे असे केसासारखे बारीक, टोकाशी दुफाट्याचे काटे विखुरलेले असतात. जिभेला ते कळतात, पण जिभेचं लक्ष असेल तरच. जेवताना गप्पा रंगल्या, मोबाईल समोर असला, घाई असली की चुकतं. वरची कवळी बसवलेल्या वयस्कर माणसांचं तर टाळूच झाकलेलं असतं, त्यामुळे घासात काटा आहे हे त्यांना घसा टोचेपर्यंत समजत नाही. वसईतल्या आजीआजोबांच्या बाबतीत ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी.

आता केळ्याकडे. इतक्या पिढ्यांनी ते दिलं आणि इतक्या जणांना बरं वाटलं, ते उगाच का? याचं उत्तर घशाच्या अस्तरात आहे. काटा गिळताना बऱ्याचदा घशाला नुसता ओरखडा काढतो आणि पोटात निघून जातो. पोटातलं आम्ल आणि आतडी बारीक काट्याचा बंदोबस्त सहसा करतातच. ओरखडा मात्र मागे राहतो, आणि तो दिवस-दोन दिवस काट्यासारखाच टोचत राहतो. काटा अडकल्याची तक्रार घेऊन आलेल्या अनेकांच्या घशात म्हणूनच तपासणीत काहीच सापडत नाही. अशा माणसाने केळं खाल्लं काय आणि नाही खाल्लं काय, दुसऱ्या दिवशी त्याला बरं वाटणारच. श्रेय केळ्याला जातं. ज्यांचा काटा खरोखर रुतलेला असतो ते थोडे, आणि त्यांची गोष्ट पुढच्या जेवणाच्या पंगतीत कोणी सांगत नाही.

रुतलेल्या काट्यावरून भाताचा गोळा गेला की तीन गोष्टी होऊ शकतात. तो सुटून खाली जातो, हे भाग्य. तो तिथेच आणखी खोल घुसतो, आणि मघा टॉन्सिलवर दिसणारं त्याचं टोक आता दिसेनासं होतं. किंवा तो वरच्या सोप्या जागेतून सुटून खालच्या अवघड जागेत रुततो. शिवाय एक चौथा तोटा आहे, तो कोणाच्या ध्यानात येत नाही. काटा काढायला पूर्ण भूल द्यावी लागली तर पोट रिकामं लागतं, आणि घट्ट अन्नानंतर त्यासाठी साधारण ६ तास थांबावं लागतं. समजुतीखातर दिलेल्या एका केळ्याने उपचाराचे ६ तास खाल्लेले असतात. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने काटा विरघळतो ही समजूतही अशीच. काटा आंबट पाण्यात दिवसभर बुडवून ठेवला तर नरम पडेल, पण घोट घशातून क्षणात उतरून जातो. बोट घालून उलटी काढणं सगळ्यांत वाईट, कारण त्या जोराने टोकदार काटा अस्तर फाडू शकतो.

काटा अडकतो त्या जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यांत जास्त वेळा टॉन्सिल आणि जिभेचं मूळ. त्याच्या खाली जिभेचं मूळ आणि स्वरयंत्राचं झाकण यांच्यामधली खाच, आणि स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंचे खोलगट कप्पे. इथवरचा काटा माणसाला बाजूसकट कळतो. ‘उजवीकडे, इथे, गिळताना टोचतं’ असं तो बोटाने दाखवतो आणि तो बहुधा बरोबर असतो. त्याहून खाली अन्ननलिका सुरू होते, पुढच्या दातांपासून सुमारे १५ सेंटिमीटरवर, आणि तिचं तोंड हीच तिची सगळ्यांत अरुंद जागा. त्या खालचं दुखणं नेमकं दाखवता येत नाही. छातीत काहीतरी अडकलंय, एवढंच कळतं.

मुंबईच्या आसपासच्या कॅथलिक लोकांच्या परंपरेत या घशातल्या काट्याला एक संतही आहे. संत ब्लेझ हे चौथ्या शतकातले, सेबास्ते गावचे बिशप. ते गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं सिवास. घशात माशाचा काटा अडकून मरायला टेकलेल्या एका मुलाला त्यांनी वाचवलं अशी आख्यायिका आहे. त्यांचा सण ३ फेब्रुवारीला. त्या दिवशी धर्मगुरू दोन मेणबत्त्या एकमेकींवर तिरप्या धरून भाविकांच्या गळ्याला लावतात आणि घशाच्या रोगांपासून रक्षणाचा आशीर्वाद देतात. आपल्याच पश्चिम रेल्वेवर, अंधेरीच्या आंबोलीत, संत ब्लेझ यांच्या नावाचं जुनं चर्च आहे. मला या प्रथेत माणसाची खरी भीती दिसते. घसा हा शरीराचा असा भाग होता की त्याच्या तोंडाशी उभं राहूनही आत काय चाललंय ते दिसत नसे. जिथे नजर पोहोचत नाही तिथे प्रार्थना पोहोचवायची, यात गैर काय?

नजर पोहोचवली ती एका गाण्याच्या मास्तरांनी. मानुएल गार्सिया हे मूळचे स्पॅनिश, लंडनमध्ये गायन शिकवणारे. स्वर नेमका कुठून आणि कसा निघतो याचा त्यांना ध्यास होता. १८५४ साली त्यांनी दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं, आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. पुढच्या वर्षी त्यांनी ही पद्धत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. डॉक्टरांनी ती उचलली आणि घशाच्या वैद्यकाची दिशाच बदलली. गार्सिया १०१ वर्षं जगले आणि आपल्या आरशातून उभं राहिलेलं हे सगळं शास्त्र त्यांना डोळ्यांनी पाहता आलं, याचा मला फार आनंद वाटतो.

तो आरसा अजूनही निवृत्त झालेला नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या दवाखान्यात काट्याचा रुग्ण आला की आधी कपाळावरचा दिवा लागतो. जीभ चपट्या पट्टीने दाबून दोन्ही टॉन्सिल पाहिली जातात. तिथे काही नसेल तर रुग्णाची जीभ गॉजच्या कपड्यात धरून हलकेच बाहेर ओढतात. आरसा स्पिरिटच्या दिव्यावर किंचित तापवतात, म्हणजे श्वासाची वाफ त्यावर धरत नाही, आणि फार गरम तर नाही ना हे डॉक्टर आधी स्वतःच्या हाताच्या पाठीवर टेकवून बघतात. मग आरसा पडजिभेशी धरून सांगतात, ‘ईऽ म्हणा’. ‘ई’ म्हटलं की स्वरयंत्र वर उचललं जातं आणि मागची जागा उघडी पडते. काटा असेल तर एक बारीक पांढरी रेघ दिसते. लाळेची तारही अगदी तशीच दिसते, म्हणून थुंकी गिळायला सांगून पुन्हा बघतात. तार नाहीशी होते, काटा तिथेच राहतो. ओकारी फार येत असेल तर घसा बधिर करणारा फवारा मारतात. आता पुष्कळ ठिकाणी आरशाच्या जागी दुर्बीण असते, तोंडातून जाणारी कडक किंवा नाकातून जाणारी लवचीक, आणि घशातलं दृश्य पडद्यावर रुग्णालाही दिसतं. टॉन्सिलवरचा काटा वाकड्या चिमट्याने काढायला मिनिटही लागत नाही. वाया घालवायची नाही ती ही संधी. काटा वर दिसतोय तोवर तो दवाखान्यातच, शुद्धीवर असतानाच निघतो.

एक्स-रेवर फार भिस्त ठेवू नये. मटणाचं किंवा कोंबडीचं हाड त्यात सहसा दिसतं, बारीक माशाचा काटा बरेचदा दिसत नाही. त्यात वयाबरोबर स्वरयंत्राच्या कूर्चा हाडासारख्या कडक होतात आणि एक्स-रेत त्यांच्याच रेषा काट्यासारख्या भासतात. म्हणून ‘एक्स-रे साफ आहे’ या वाक्याने सुटका होत नाही. गिळताना टोचणं चालूच असेल तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात, आणि तो सांगितला तर टाळू नये. खोल रुतलेला काटा अन्ननलिकेला भोक पाडू शकतो, तिथून पू मानेत किंवा छातीत उतरतो. काटा नलिकेच्या भिंतीतून बाहेर पडून मानेतल्या थायरॉइड ग्रंथीपर्यंत सरकल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दातांपासून २५ सेंटिमीटरच्या आसपास अन्ननलिकेला शरीराची सर्वांत मोठी रक्तवाहिनी चिकटून जाते. तिथे रुतलेल्या काट्याने क्वचित, पण प्राणघातक रक्तस्राव झालेला आहे. ताप, मान ताठणं, मानेला सूज, छातीत किंवा पाठीत दुखणं, लाळही गिळता न येणं यांतलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

तेव्हा काटा अडकल्यावर करायचं ते असं. खाणं थांबवा. एक-दोन घोट पाणी प्यायला हरकत नाही. चूळ भरा. उजेडात आ करून कोणाला तरी पाहू द्या. टॉन्सिलवर टोक स्पष्ट दिसत असलं तरी भुवईच्या चिमट्याने घरी प्रयोग नको. मग डॉक्टर. आणि डॉक्टरांना कोणता मासा, किती वाजता, कुठल्या बाजूला टोचतं, शेवटचं काय आणि कधी खाल्लं, हे विचारण्याआधीच सांगावं. वसईतल्या डॉक्टरला ‘पाला’ म्हटलं की पुढचं बरंचसं कळतं.

लहान मुलांची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण त्यांच्या बाबतीत वस्तू चुकीच्या वाटेला जाते. चार वर्षांखालच्या मुलाला दाढा पुरेशा आलेल्या नसतात, शेंगदाणा नीट चावता येत नाही, आणि हसताना-पळताना तो श्वासनलिकेत ओढला जातो. बहुतेक वेळा उजव्या बाजूला जातो, कारण उजवी शाखा जास्त रुंद आणि उभी असते. जोराचा ठसका लागतो, मूल लालबुंद होतं, आणि मग एकाएकी शांत. आईबाप निःश्वास टाकतात. ही शांतता फसवी असते. दाणा आत ओलावा शोषून फुगतो, त्याच्या तेलाने अस्तर सुजतं, आणि पुढचे कित्येक दिवस मुलाला खोकल्याची, न्यूमोनियाची औषधं चालू राहतात. ठसक्याचा तो प्रसंग डॉक्टरांना कोणी सांगितलेलाच नसतो. औषधाने बरा न होणारा, एकाच बाजूला घरघर असलेला खोकला असेल तर ‘मागे कधी ठसका लागला होता का’ हे आठवून बघावं. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे, चणे, चिक्की देऊच नये. कूट द्यावं.

अशी वस्तू छातीतून न कापता काढता येते हे जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या गुस्टाव किलिआन यांनी १८९७ साली दाखवलं. एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेच्या उजव्या शाखेत डुकराच्या हाडाचा तुकडा गेला होता, तो त्यांनी तोंडावाटे नळी घालून काढला. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या शेव्हलिअर जॅक्सन यांनी पुढे हेच आयुष्यभराचं काम केलं. रुग्णांच्या घशा-छातीतून काढलेल्या पिना, नाणी, बटणं, हाडं त्यांनी जपून ठेवली. अशा २,३७४ वस्तूंचा संग्रह तिथल्या म्यूटर संग्रहालयात आहे.

दाण्याने वाट पूर्ण बंद झाली तर मात्र दवाखान्यापर्यंत वेळच नसतो, आणि घरच्याच हाताने काम करायचं असतं. मूल खोकतंय, रडतंय तोवर त्याला खोकू द्या. आवाज बंद झाला, श्वास येईना, तर एक वर्षावरच्या मुलाला किंवा मोठ्या माणसाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने ५ जोरदार थापा. नाही सुटलं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर असे ५ झटके, आणि हे आलटून पालटून. पोटाच्या झटक्यांची ही पद्धत हेन्री हाइमलिक यांनी १९७४ साली मांडली. एक वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही. त्याला पालथं, डोकं खाली असं हातावर घेऊन पाठीवर ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी ५ दाब. दिसत नसताना तोंडात बोट फिरवायचं नाही. तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी १०८ला फोन लावायचा. प्रत्येक घरातल्या निदान दोघांना हे करता आलं पाहिजे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गेल्या काही वर्षांत घरात आलेला नवा शत्रू म्हणजे बटणाएवढा सेल. रिमोट, खेळणी, वजनकाटा, दिवाळीच्या लुकलुकत्या पणत्या, सगळ्यात तो असतो. सगळ्यांत घातक २०३२ क्रमांकाचा: २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो नेमका अडकतो. ओलसर अस्तराला टेकला की त्यातून वीज वाहू लागते, त्याच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते, आणि अवघ्या २ तासांत अस्तर खोलवर जळतं. एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसतो, पण नीट पाहिलं तर कडेला दुहेरी वर्तुळ असतं. नाण्याला एकेरी. मुलाने सेल गिळल्याची शंका आली, गिळून १२ तास झालेले नसले, आणि मूल एक वर्षावरचं असून गिळू शकत असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त ६ वेळा. मधाचा थर जळणं थोडं रोखतो. मध शोधत बसण्यात मात्र वेळ घालवायचा नाही. दुसरं काही खायला-प्यायला नाही, उलटी काढायची नाही.

आणि इथे वसई-विरारचा भूगोल आडवा येतो. २००९ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच १२ लाखांवर होती. कान-नाक-घशाचे दवाखाने वसई, नालासोपारा, विरार सगळीकडे आहेत. पण दोन वर्षांच्या मुलाला रात्री भूल देऊन अन्ननलिकेतला सेल काढायचा तर लहान मुलांना भूल देणारा तज्ज्ञ, त्या मापाच्या नळ्या आणि त्या क्षणी हजर असलेला शल्यविशारद, तिन्ही एका छताखाली लागतात. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. परळचं लहान मुलांचं वाडिया रुग्णालय (स्थापना १९२९) किंवा केईएम (१९२६) गाठायचं तर महामार्गाने वसईची खाडी ओलांडून आख्खी उपनगरं पार करायची. म्हणून एका दवाखान्यातून दुसऱ्यात असं फिरण्याऐवजी घरातून निघण्याआधीच फोन करावा आणि सरळ विचारावं: ‘मुलाने सेल गिळलाय, भूल देऊन आत्ता काढता येईल का?’ ‘नाही’ हे उत्तर फोनवर मिळालं तर तासभर वाचतो. दाराशी मिळालं तर तो गेलेला असतो.

नाकाचं त्या मानाने थोडक्यात. मुलं मणी, चणे, खोडरबराचे तुकडे नाकात घालतात आणि विसरून जातात. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काहीतरी आहे असंच धरून चालावं. पिन किंवा चिमट्याने काढायला जाल तर गोल मणी मागे सरकतो आणि श्वासनलिकेकडे जाऊ शकतो. एक सोपी युक्ती आहे: मोकळी नाकपुडी बोटाने बंद करून आईने मुलाच्या तोंडावर तोंड ठेवून एकदाच झटकन फुंकर मारायची. १० पैकी साधारण ६ वेळा वस्तू बाहेर येते. नाकात सेल असेल तर कुठलेही थेंब घालू नयेत आणि तडक डॉक्टर गाठावा, कारण तिथेही तो काही तासांत मधला पडदा जाळतो.

कानात दाणा किंवा डाळ गेली तर पाणी घालू नये, ती फुगते आणि घट्ट बसते. इअरबडनेही ती पडद्याकडेच ढकलली जाते. पावसाळ्यात बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, पोहून आलेल्या मुलांचे कान ठणकतात, खाजतात. तेव्हा घरोघरी कोमट तेल निघतं. ओल्या कानात बुरशी धरली असेल तर तेलाने ती मुळीच जात नाही. दुर्बिणीतून पाहिलं तर ती भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखी दिसते, त्यावर काळे ठिपके. कान कोरडा साफ करून बुरशीवरचं औषध घालावं लागतं, आणि ते संपेपर्यंत बावखल बंद. पडद्याला आधीच भोक असलेल्या, वाहणाऱ्या कानात तर तेलाचा थेंबही नको.

तेलाची एकच खरी वेळ आहे. वाडीत, अंगणात, रात्री झोपेत जिवंत किडा कानात शिरतो आणि पडद्याजवळ फडफडतो, तेव्हा माणूस वेदनेने आणि आवाजाने अक्षरशः वेडापिसा होतो. अशा वेळी, कान पूर्वी फुटलेला नसेल तर, आडवं करून तो कान वर ठेवायचा आणि खोबरेल तेलाचे थेंब कान भरेपर्यंत सोडायचे. तेल फार गरम नको, थंडही नको, अंगाइतकंच कोमट. किडा काही मिनिटांत निपचित पडतो. तो चिमट्याने ओढायचा नाही, त्याचे पाय तुटून आत राहतात. तो सकाळी डॉक्टरांकडे जाऊन अख्खा काढून घ्यायचा.